रँक विकत, खाते गहाण

महोदय,

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय या खेळातली आपली आयडी ‘रँक पुश’ करून, म्हणजे खेळातली श्रेणी वर चढवून देणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केली आणि १,५०० रुपये यूपीआयने आगाऊ दिले. चार दिवस रँक खरोखरच चढत गेली. पाचव्या दिवशी खाते उघडेना, कारण त्या माणसाने हॅक, म्हणजे खेळात लबाडीने जिंकून देणारे सॉफ्टवेअर, वापरल्यामुळे आयडीवर बंदी आली होती आणि टेलिग्रामवरून तो माणूसही नाहीसा झाला होता. रक्कम फार मोठी नव्हती; पण या व्यवहारातली खरी जोखीम कुठे असते, याविषयी पालकांत आणि खेळणाऱ्या मुलांतही इतका गैरसमज आढळला, की हे पत्र लिहिणे गरजेचे वाटले.

पैसे घेऊन दुसऱ्याची रँक वाढवून देण्याच्या या धंद्याला बूस्टिंग म्हणतात. त्याच्या जाहिरातींत धोका म्हणून फक्त बंदीचा उल्लेख असतो, आणि तोही ‘शंभर टक्के सेफ’ असे सांगून झटकून टाकण्यापुरता. बंदीचा धोका खराच आहे, कारण स्वतःचे खाते दुसऱ्याला खेळायला देणे बहुतेक मोठ्या ऑनलाइन खेळांच्या नियमांत बसत नाही. परंतु माझ्या मते तो सर्वांत मोठा धोका नव्हे. बीजीएमआयमध्ये मुले साधारणपणे फेसबुक, गुगल किंवा एक्सच्या खात्याने प्रवेश करतात. त्यामुळे गेमची आयडी देताना प्रत्यक्षात त्या खात्याचा पासवर्ड दिला जातो, आणि फोनवर आलेला ओटीपीही मुले स्वतःच कळवतात. गुगलचा पासवर्ड हाती आला, की ईमेल, साठवलेले फोटो, जपून ठेवलेले इतर पासवर्ड हे सारे त्या अनोळखी माणसापुढे उघडे पडते, आणि ईमेल ताब्यात असला की ‘पासवर्ड विसरलो’ एवढे दाबून पुढची कित्येक खाती घेता येतात. घराची किल्ली शेजाऱ्याला देतानाही आपण दोनदा विचार करतो. इथे ती ज्याचे खरे नावही ठाऊक नाही त्याच्या हातात जाते. शिवाय फसवणूक झाली तर दाद मागायला मुले कचरतात, कारण खेळाच्या कंपनीकडे तक्रार करायची म्हणजे आपणच नियम मोडल्याची कबुली द्यायची.

आयडी न देता, बूस्टरला आपल्या संघात घेऊन त्याच्या जोरावर सामने जिंकण्याची दुसरीही पद्धत आहे. तीत पासवर्ड आपल्याकडेच राहतो, त्यामुळे ती कमी धोक्याची आहे हे मान्य करायला हवे. पण कमी धोक्याची म्हणून ती रास्त ठरत नाही. बीजीएमआयमधील ‘कॉन्करर’ हा सर्वोच्च किताब सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० खेळाडूंनाच मिळतो. म्हणजे विकत घेतलेली प्रत्येक जागा रात्री जागून ती कमावणाऱ्या कुणाच्या तरी हातून गेलेली असते. आणि विकत घेणाऱ्याच्या पदरी तरी काय पडते? त्याला आपल्यापेक्षा कितीतरी तरबेज प्रतिस्पर्धी मिळू लागतात, तो हरत राहतो, आणि नवा हंगाम सुरू झाला की रँक तशीही खाली येते. मग पुन्हा पैसे. याला मी खेळ म्हणू शकत नाही.

दक्षिण कोरियाने हा प्रश्न गांभीर्याने घेतला. तिथल्या संसदेने २०१८च्या डिसेंबरमध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१९च्या जूनपासून धंदा म्हणून बूस्टिंग करणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड अशी तरतूद लागू झाली. त्याआधीच, ‘ओव्हरवॉच’ या ऑनलाइन खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेच्या, म्हणजे ओव्हरवॉच लीगच्या, २०१८च्या पहिल्या हंगामात, फिलाडेल्फियाच्या संघातील एका कोरियन खेळाडूला पूर्वी केलेल्या बूस्टिंगपायी पहिल्या ३० सामन्यांना मुकावे लागले होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली, मात्र बूस्टिंगचा स्वतंत्र विचार त्यात नाही. मुलांना गुन्हेगार ठरवणारी तरतूद मला नको आहे. कोरियाप्रमाणे धंदा करणाऱ्यावर बोट ठेवणारी मात्र जरूर हवी. तोवर निदान गेम कंपन्यांनी आयडी दुसऱ्याला देण्याचे परिणाम मराठीसह भारतीय भाषांत, प्रवेशाच्या पडद्यावरच स्पष्ट सांगावेत.

पैसे बुडाले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण ती लगेच केली तरच रक्कम गोठवली जाण्याची आशा असते. इथेच घरातल्या वातावरणाचा प्रश्न येतो. भाच्याने ही गोष्ट आठ दिवस कुणाला सांगितली नाही. गेम बंद पडल्याचे त्याला दुःख होते, पण त्याहून जास्त भीती वडिलांच्या ओरडण्याची होती. शेवटी तो माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी बसून त्याच्या गुगल खात्यातली यंत्रांची यादी उघडली, तेव्हा त्यात एक अनोळखी फोन अजूनही लॉगिन असलेला दिसला. त्याच खात्यात त्याचे दहावीचे गुणपत्रक, आधार कार्डाचा फोटो आणि त्याच्या आईच्या बँकेचे ईमेल होते.

एक वाचक,
कराड