विषय : कळे परिसरातील 'सोनखळवाडी' ही बनावट वस्ती व तिचा जोडरस्ता नकाशातून काढण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या गाड्यांना मार्ग दाखवणाऱ्या आपल्या डिजिटल नकाशात कोल्हापूर-गगनबावडा रस्ता आणि कळे-बाजारभोगाव रस्ता यांच्यामध्ये 'सोनखळवाडी' दाखवली आहे. अशी वाडी तिथे नाही. वाड्या बहुधा मूळ महसुली गावातच मोडतात, त्यामुळे जनगणनेच्या यादीत नाव नाही एवढ्यावरून आम्ही हे म्हणत नाही. गाव नकाशा पाहिला. त्या ठिकाणी गावठाणाची हद्द नाही, सगळे गट शेतीचे, साधी पाणंदही नोंदलेली नाही. जाग्यावर ऊस उभा आहे.

नजरचूक म्हणावी, तर वाडीत शाळा, देऊळ, दुकान काहीच नाही आणि रस्ता ओढ्याची पर्वा न करता पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ. नक्कल पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेली ही जागा दिसते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नकाशात ती आढळली की त्याने आपला नकाशा उतरवला हे कळावे.

ही युक्ती जुनी आहे. १९३० च्या दशकात ऑटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट आल्पर्स या नकाशाकारांनी आपली आद्याक्षरे उलटसुलट करून न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात 'अॅग्लो' हे गाव असेच घातले. पण तो कागद होता. रस्ता माणूस ठरवत असे. आपला नकाशा यंत्र वाचते आणि दिसेल त्या रेषेवर गाडी घालते.

खरा घोळ इथेच आहे. बनावट रस्त्याची दोन्ही टोके खऱ्या रस्त्यांना जोडलेली आहेत. त्यामुळे कळ्याची बाजारपेठ टाळणारा जवळचा मार्ग म्हणून प्रणाली तोच निवडते. रुंदीचा रकाना रिकामा, म्हणून दहाचाकीलाही तोच मार्ग मिळतो. पुढे बांध, वळायला जागा नाही, आणि गाळप हंगामात मागे उसाच्या ट्रॉल्या. रिकामी गाडी रिव्हर्सने निघते. भरलेली रुतते, मग ट्रॅक्टर शोधा. शिवाय पत्त्यात नुसते 'वाडी, कळे' असले की शोध हीच जागा उचलतो.

आपल्या मालाचे रक्षण आपण जरूर करावे. त्यासाठी गाव वसवावे लागत नाही. २००१ मध्ये ब्रिटनमधील ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनचालकांच्या संस्थेने ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेला २ कोटी पौंड देण्याचे कबूल करून नकलेचा वाद मिटवला. तिथे कामी आल्या त्या रस्त्यांच्या रुंदीसारख्या, रेखाटनातल्या बारीक खुणा. ओढ्याच्या वळणात तशी खूण ठेवली तर कुणाची गाडी अडत नाही. अगदी सापळाच हवा, तर तो रस्त्यांच्या जाळ्याला जोडू नये आणि शोधात येऊ देऊ नये.

तरी वाडी व जोडरस्ता दोन्ही काढावेत. तोवर त्या रस्त्यावर 'वाहनांस बंद' अशी नोंद आजच करावी. जिल्ह्यात अशा आणखी जागा पेरल्या असतील तर त्यांची यादी गोपनीय म्हणून द्यावी, आम्ही ती बाहेर जाऊ देणार नाही. या तिमाहीचे शुल्कही परत मिळावे. सर्व्हरवरून नाव पुसून भागणार नाही, कारण गाड्यांतल्या उपकरणांत उतरवलेला नकाशा जुनाच राहतो. सुधारित फाइल आवृत्ती क्रमांकासह पाठवावी.

आपला विश्वासू,
मार्ग नियोजन विभाग,
मालवाहतूक कार्यालय, कोल्हापूर