बाबा, परीक्षा कसली ते सांगते

सोलापूर,
सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दोन वर्षं कॉलेज केलंस, पास झालीस, आता परत कसली परीक्षा?" दुकानात तेव्हा गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०२२ साली नियम केला. डी. फार्म. म्हणजे आमचा दोन वर्षांचा औषधशास्त्राचा डिप्लोमा झाल्यावर देशभराची एक एक्झिट परीक्षा द्यायची, तीत पास झालं की मगच राज्याच्या कौन्सिलकडे फार्मासिस्ट म्हणून नाव लागणार. ती परीक्षा यंदा पहिल्यांदाच होतेय. पेपर तीन, सगळे इंग्रजीतून. प्रत्येकात निम्मे मार्क हवेत आणि तेही एकाच खेपेला. एका पेपरात कमी पडले तर तिन्ही परत.

पाठांतर भरपूर आहे, ते सांगत बसत नाही. मला जे महत्त्वाचं वाटतं ते हिशेबाचं. बाळाला तापाचं पॅरासिटामॉल वजनावर देतात, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या लेकराला १८० मिलिग्रॅम झालं. आता ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ७ मिलीच्या थोडं वर द्यायचं. पण त्याच औषधाचे थेंब मिळतात, त्यात एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. तिथं २ मिलीसुद्धा द्यायचे नाहीत. आईनं घाईत सिरपचं माप थेंबांना लावलं तर लेकराच्या पोटात चौपट औषध जातं आणि यकृतावर बेततं. बाटली हातात देताना "हे थेंब आहेत, चमच्यानं द्यायचे नाहीत" एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण बोलणाऱ्याला ते माहीत पाहिजे.

इन्सुलिनचंही तसंच. बाटलीतलं बहुतेक वेळा मिलीला ४० युनिटचं असतं, टोचायच्या पेनातलं १०० चं. पेनाच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन कुणी बाटलीच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात २० जात नाही, ५० जातं. सिरिंजच्या टोपणाचा रंग वेगळा असतो तो याचसाठी. लाल टोपण ४० चं, केशरी १०० चं. हे मी रोज गिऱ्हाइकाला सिरिंज हातात धरून दाखवते.

आमच्या दुकानात पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका येतात, त्यातल्या बऱ्याच तेलुगू बोलणाऱ्या. चिठ्ठी इंग्रजीत, मी मराठीत. म्हणून 'अन्नं तिन्नाक', म्हणजे जेवल्यावर, असं मोडकंतोडकं शिकून घेतलंय. पेपरात औषध देताना रुग्णाशी काय बोलायचं यावर प्रश्न असतात. ते कोणत्या भाषेत बोलायचं हे कोण विचारणार? पण मला तोच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

आता काकांचं. ते म्हणतात, पास झालीस की एखाद्या मेडिकलवर सर्टिफिकेट लाव, घरबसल्या महिन्याला पैसे येतील. बाबा, तुम्हीही हो म्हणालात असं आईनं सांगितलं. मी हे करणार नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. आमच्या तिसऱ्या पेपरात हाच कायद्याचा विषय आहे. शेड्यूल एच वन म्हणून औषधांची एक सरकारी यादी आहे, तिच्यात टीबीची औषधं, काही भारी अँटिबायोटिक्स, झोपेच्या काही गोळ्या येतात. त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. टीबीची औषधं अर्धवट घेऊन माणूस थांबला की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि तसाच टीबी घरातल्यांनाही लागतो. मी घरात आणि माझं सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानात, तर ते रजिस्टर कोण भरणार? थेंबाचं आणि सिरपचं कोण सांगणार? दुकानात काम करणारं पोरगं चांगलं असतं, चटपटीत असतं, पण त्याला कुणी हे शिकवलेलं नसतं. पैसे कमी मिळाले तरी चालेल, काउंटरला मीच उभी राहणार. काकांना तुम्हीच समजावून सांगा, मी सांगितलं तर त्यांना उलट उत्तर वाटेल.

आणि हे सगळं वाचताना मला सारखे तुम्ही दोघं आठवता, म्हणून आता तुमचं.

आई, परीक्षा नेमकी घटस्थापनेच्या वेळी आलीय आणि तुझे नऊ दिवसांचे उपवास तेव्हाच. तुझ्या साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ते औषध तू जेवलीस की नाही ते बघत नाही, शरीराला इन्सुलिन सोडायलाच लावतं. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिलीस तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी, काहीबाही बोलणं, असं झालं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पी. उपवासाला साखर चालते, तेव्हा थांबू नकोस. पाव तासात बरं वाटलं नाही तर परत घे आणि दवाखाना गाठ. गोळी मनानं बंदही करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. ते डोस कमी करतील किंवा वेळ बदलतील. देवी काही एवढ्यानं रागवत नाही गं.

बाबा, गुडघ्यासाठी तुम्ही जी डायक्लोफेनॅकची गोळी स्टँडजवळच्या दुकानातून स्वतःच आणता, ती आता नको. तुमच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे, सोबत लघवी जास्त होणारं औषध आहे. त्या दोन्हींवर ही तिसरी पडली की किडनीवर भार येतो. मे महिन्यात उन्हातान्हात रानात जाऊन, पाणी कमी पिऊन तुम्ही हे केलं होतं, तेव्हा पाय सुजले होते ते आठवतं का? कशानं सुजले हे मी इथून सांगू शकत नाही, म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यायचं आहे, त्यावरून किडनी कशी चालतेय ते कळतं.

नवरात्राच्या आत दोघंही मंगळवेढ्याला डॉक्टरांकडे जाऊन या. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला, फ्रिजवरच्या डब्यातल्यासुद्धा, आणि गोळ्या पट्टीतून काढून ठेवू नका. निघायच्या आधी भाच्याला सांगून प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. माझं पेपरांचं बघू नका, फोटो आले की मी रात्री फोन करते.

तुमची,
धाकटी