पाठीच्या फेरतपासणीची सोय कोकणातच हवी

मणक्याच्या विकारामुळे अपंगत्वासह सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानांचे दुखणे वयाबरोबर वाढत जाते, पण कागदावरचे टक्के निवृत्तीच्या दिवशी होते तेवढेच राहतात. 2001 पासूनच्या धोरणानुसार कायमस्वरूपी अपंगत्वाचे मूल्यमापन सहसा अंतिम मानले जाते; मात्र त्रास वाढल्यास जवानाला स्वतः अर्ज करून फेरतपासणी मागता येते, ही गोष्ट आमच्या गुहागर-दापोलीकडील अनेक माजी सैनिकांना ठाऊकच नसते. माझ्या वडिलांनाही ती उशिराच कळली.

टक्के वाढण्याने फरक पडतो, कारण 20 ते 49 टक्के अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी 50 धरले जाते, तर 50 ते 75 टक्के असल्यास 75. सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ देय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले आहे.

परंतु ज्याला धड बसवत नाही, त्याने पाठ तपासून घेण्यासाठी मुंबई-गोवा महामार्गाचे हादरे सोसत मुंबई गाठावी, ही अपेक्षा क्रूर आहे. (रेल्वेने जावे म्हटले, तर गुहागरला रेल्वे नाही.) रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून ठरावीक काळाने येथेच तपासणी शिबिरे भरवावीत आणि अर्जासोबत जुने वैद्यकीय कागद व अलीकडचा एमआरआय जोडण्याबाबत गावोगावी माहिती द्यावी.

– एका माजी सैनिकाची मुलगी, गुहागर