हप्ता मिरगाच्या आधी सोडा, साहेब

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कुडाळची. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालं, मग पुण्यात टेस्ट किट बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं काढली आणि नंतर गावी येऊन एमआयडीसीत छोटा गाळा घेतला. आम्ही चौघं आहोत. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप पहिल्या दोन-तीन दिवसांतच पकडेल अशी टेस्ट बनवतोय. सरकार छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी जी ग्रांट देतं ती आम्हालाही मिळाली, त्याचे उपकार आहेतच, पण ते पैसे हातात कधी पडतात त्याबद्दल हे पत्र.

आधी लेप्टोचं सांगते. लावणीला माणसं दिवसभर चिखलात उभी असतात, त्या पाण्यात उंदराचं, गुरांचं मूत मिसळलेलं असतं, पायाला कुठे चीर असली की जंतू आत. मग ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या अशा दुखतात की चालवत नाही. माझी मावशी म्हणत होती "लावणी केलंय ना, म्हणान पोटरे दुखतत गो", तरी तिसऱ्या दिवशी आम्ही टेस्ट करून घेतली, निगेटिव्ह आली, सगळे निर्धास्त झालो आणि सहाव्या दिवशी तिची लघवी कमी झाली तेव्हा धावत हॉस्पिटल गाठलं. वाचली ती. पण त्या टेस्टमध्ये कोणाची चूक नव्हती हो, नेहमीची टेस्ट रक्तातल्या अँटिबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायलाच जवळजवळ आठवडा जातो, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन सुरू करायचं तर ते याच पहिल्या दिवसांत सुरू झालेलं बरं. पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, लवकर पकडते पण त्याला मशीन लागतं, शिकलेला माणूस लागतो, खेड्यातल्या दवाखान्यात ते कुठून येणार.

म्हणून आम्ही लॅम्प नावाची पद्धत घेतली, जंतूचा डीएनए साधारण 65 डिग्रीच्या एकाच तापमानाला वाढवायचा, वर-खाली तापवणारं महागडं मशीन नको, बॅटरीवरचा डबा पुरतो. रिएजंट, म्हणजे टेस्टला लागणारी रसायनं, आम्ही सुकवून पावडर करतो कारण पावसात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही आणि फ्रीजवर भरवसा ठेवता येत नाही.

आता ग्रांट. योजनेचं नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली होती. मुदत दीड वर्ष, पैसे टप्प्याटप्प्याने. पहिला हप्ता ऑक्टोबरला आला, एप्रिलमध्ये आमचा डबा तयार होता, रिपोर्ट पाठवला, आता पेशंटचे नमुने तपासायचे म्हणून दुसरा हप्ता मागितला. समितीची तारीख, मग एक शंका, मग युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला) परत पाठवा, मग फाईल फायनान्सला. हप्ता आला तो नोव्हेंबरला. साहेब, नोव्हेंबरला भात कापून झालेलं असतं, लेप्टोचे पेशंट आणायचे कुठून? दीड वर्षात एकच पावसाळा होता आणि तो आम्ही पोर्टलवर स्टेटस बघत घालवला. त्यात एका मुलाला तीन महिने पगार देता आला नाही, तो गोव्यात फार्मा कंपनीत गेला, त्याला थांब म्हणायला माझं तोंड नव्हतं.

हे फक्त आमच्यापुरतं नाही. 2012 मध्ये तुमच्याच खात्याने बायरॅक ही बायोटेक कंपन्यांना मदत करणारी संस्था काढली, त्यांची बिग नावाची ग्रांट 50 लाखांपर्यंत आणि 18 महिन्यांची, फार मोठं काम आहे ते, शेकडो मुलं त्यावर उभी राहिलीत. पण 18 महिने सप्टेंबरला सुरू झाले तर पुरा पावसाळा एकच मिळतो, आणि मेला सुरू झाले तर दोन मिळतात. आजाराला ऋतू असतो. आमच्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे 2016 पासून माकडताप (जंगलातल्या गोचिडीतून होणारा) आहे, तो बरोबर काजूच्या दिवसांत, माणसं जंगलात शिरतात तेव्हा. त्यावर कोणी काम करायचं ठरवलं तर त्याला डिसेंबरच्या आधी पैसे हवेत.

आता संशोधनासाठी 1 लाख कोटींचा आरडीआय फंड आलाय, आनंदच आहे, पण तो कमी व्याजाचं कर्ज आणि भागभांडवल असा आहे. आमच्या टेस्टचं गिऱ्हाईक म्हणजे रोजावर जाणारी बाई, नाहीतर आरोग्य केंद्र. त्यावर कर्ज फेडायचं म्हटलं तर किंमत अशी लावावी लागेल की तीच बाई टेस्ट करणार नाही. अशा आजाराला ग्रांटच लागते. अमेरिकेत 1982 साली छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी कायदाच केला, बाहेरच्यांकडून करून घेतलेल्या संशोधनावर वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरलेला वाटा छोट्यांसाठी काढायचा, आणि 2017 पासून तो निदान 3.2 टक्के केला. तिथेही टप्पे आहेतच, टप्प्यांना माझा विरोध नाही, हिशोब मागायलाच पाहिजे.

माझं मागणं एवढंच की अर्जातच एक रकाना ठेवा, "आजाराचा हंगाम कोणता", आणि पुढचा हप्ता त्या हंगामाच्या आधी महिनाभर सुटेल असं बंधन घाला. समितीला उशीर झाला तर निदान नमुने गोळा करण्यापुरते पैसे आगाऊ द्या, बाकीचे अडवा हवं तर. आणि हंगाम हुकला तर मुदत आपोआप पुढच्या हंगामापर्यंत वाढू दे, त्यासाठी वेगळी विनवणी करायला लावू नका. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, छोट्या कंपन्यांच्या टेस्ट तिथे पेशंटवर तपासून बघायची सोय आणि पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची ठरलेली तारीख मिळाली तर नमुना घाट चढून पुण्याला न्यायला नको. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली ती महाडातच राहून, कारण विंचू चावलेली माणसं तिथेच येत होती.

आमचा डबा अजून गाळ्यात आहे, चालतो. उरलेल्या पैशातून 200 टेस्टचं रिएजंट सुकवून ठेवलंय, पुढच्या सप्टेंबरपर्यंत टिकेल. मिरग 7 जूनच्या आसपास लागतो. मुदतवाढीचा अर्ज तुमच्या खात्यात पडून आहे, तो त्याच्या आधी बघावा ही विनंती.

आपली,
कुडाळ एमआयडीसीतली एक छोटी उद्योजिका