त्या भोपळ्याबद्दल, मावशी

प्रिय मावशी,

जय ख्रिस्त.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण माझा दिखावाही चारचौघांतच झाला होता.

चार वर्षांपूर्वीचा आपल्या चर्चमधला हंगामाचा सण, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा. वेदीसमोर ऊस, ज्वारीची कणसं, मेथीच्या जुड्या, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा, असं सगळं मांडलेलं होतं. उपासना संपली आणि अंगणात लिलाव सुरू झाला. तुमच्या परसातला दुधी भोपळा निघाला. दोनशे, तीनशे करत बोली पाचशेवर आली आणि मी एकदम सात हजार म्हणाले. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी माझं नाव दोनदा घेतलं. त्याच महिन्यात मला बढती मिळाली होती. तिचं उपकारस्तुतीचं पाकीट, म्हणजे देवाचे आभार म्हणून चर्चला द्यायच्या पैशांचं, मी दिलं होतं, पाकिटावर कारण ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आणि ते वाचूनही दाखवलं गेलं होतं. मंडळीला कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं होतं मी ते.

तो भोपळा तुम्ही स्वतः माझ्या गाडीपर्यंत आणून दिलात. आठवड्याभरानं तुमचा फोन आला. "भोपळा केलास का गं?" इतकंच विचारलंत. भोपळा डिकीतच होता. उन्हानं सडून त्याचं पाणी झालं होतं, वास सुटला होता, आणि मला तो काढून टाकायलाही सवड झाली नव्हती. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. तुम्ही "का रडतेस" असं विचारलं नाहीत. म्हणालात, "मी येते." दोन बस बदलून आलात. डब्यात दोन भाकरी आणि त्याच वेलावरच्या दुसऱ्या दुधीची भाजी होती. मी जेवेपर्यंत समोर बसून राहिलात आणि शेवटच्या बसनं परत गेलात.

मावशी, त्या दिवशी मी का रडले ते तुम्हाला नंतर तुकड्या-तुकड्यानं सांगितलंय. आज सलग सांगते. अकरा वर्षांत मला तीन बढत्या मिळाल्या. पहिलीचा आनंद दिवाळीपासून नाताळपर्यंत पुरला. दुसरीचा आठवडाभर. तिसरीचा रविवारपर्यंत, म्हणजे पाकीट वाचून होईपर्यंत. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांना जे कधी घेता आलं नाही ते सगळं माझ्याकडे होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, अजून एक पायरी चढले की बरं वाटेल. मी अविश्वासी नव्हते. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करायचं दृढीकरण झालेलं, चर्चला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, दशमांश, वेळच्या वेळी. पण माझी प्रार्थना म्हणजे अर्ज असायचा. मंजूर झाला की पाकीट. देव म्हणजे मला हवं ते मिळवून देणारा. मला देवच हवा असू शकतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी त्या दिवसांत नोकरी सोडायचं म्हणत होते. तुम्ही चाळीस वर्षं परिचारिका म्हणून रात्रपाळ्या केलेल्या, तुमच्याकडून मला शाबासकीची अपेक्षा होती. तुम्ही म्हणालात, "नोकरीनं तुझं काय घोडं मारलंय? ती तुझा देव व्हायला आली नव्हती, तूच तिला पाटावर बसवलंस." मग म्हणालात, गुरुवारी संध्याकाळी येत जा, बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान वाचू, येशूची गोष्ट. सोळाच तर अध्याय आहेत.

सोळा अध्यायांना आपल्याला आठ महिने लागले. दहाव्या अध्यायावर तर तुम्ही मला तीन गुरुवार थांबवलंत. तो श्रीमंत माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाबद्दल विचारतो. सगळ्या आज्ञा त्यानं लहानपणापासून पाळलेल्या. ही गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकत आलेली. पैशाचा मोह वाईट, असा तिचा अर्थ मला तोंडपाठ होता. तुम्ही बोट ठेवून एक वाक्य परत परत वाचायला लावलंत: येशूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. मग सांगितलंत की हाच प्रसंग मत्तय आणि लूकही आपापल्या शुभवर्तमानांत सांगतात, पण ही नजर फक्त मार्कानं टिपली आहे. आणि क्रम बघ म्हणालात. आधी प्रीती, मग "तुझ्यात एक उणीव आहे", मग सगळं विकून गरिबांना दे. मागणी शेवटी. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याला मागणी ऐकू आली आणि नजर दिसली नाही. हे तुमचं म्हणणं. ते मी अजून कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही.

त्याला काही कमी होतं म्हणून तो आला नव्हता, हेही मला तेव्हाच उमगलं. सगळं मिळाल्यावर जे उरतं ते घेऊन तो आला होता. माझ्यासारखाच.

तुम्ही मला नुसतं वाचायला लावलं नाहीत. शनिवारी वृद्धाश्रमात घेऊन गेलात आणि हातात नेलकटर दिलंत. म्हाताऱ्या बायकांची पायाची नखं जाड होतात, आधी कोमट पाण्यात पाय भिजवावे लागतात, मग कडेनं थोडं थोडं कापायचं, घाई केली की रक्त येतं. पहिल्या दिवशी मी दोघींचीच काढू शकले. एकीनं मला विचारलं, कुठे कामाला आहेस? मी हुद्दा सांगितला. ती म्हणाली, "बरं. अंगठ्याचं राहिलं." तिला त्या हुद्द्याचं काही वाटलं नाही आणि मलाही त्याचं वाईट वाटलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी कुणाकडून काहीही न मिळवता तासभर कुठेतरी होते.

आणि केडगाव. दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं आपण गेलो, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या आवारात झाडाखाली बसून तुम्ही आणलेली दशमी-चटणी खाल्ली, आणि तुम्ही रमाबाईंबद्दल बोलत राहिलात. मला शाळेत शिकवलेलं तेवढंच माहीत होतं: १८५८ चा जन्म, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या, विधवांसाठी शारदा सदन. तुम्ही सांगितलंत ते वेगळं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेवलं. तोवर त्या इंग्लंड-अमेरिका फिरून आल्या होत्या, नाव झालं होतं, शारदा सदन चालू होतं. एवढी मोठी बाई, एवढं मोठं काम, आणि आपण रिकामे आहोत हे कबूल करायला त्या लाजल्या नाहीत. मावशी, मला त्या दिवशी किती हलकं वाटलं, ते मी तुम्हाला परतीच्या गाडीत सांगू शकले नाही. गर्दी होती आणि माझा घसा दाटला होता.

पुढचं सगळं त्या कबुलीनंतरचं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुलींना वाचवून आणणं, केडगावची ही जमीन, आणि शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू व ग्रीकवरून साध्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणणं. मुक्तीतल्या बायकांनीच त्याची छपाई केली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. छापून बांधलेलं ते त्यांनी पाहिलंच नाही. तुम्ही म्हणालात, "ज्याच्यासाठी केलं त्यानं पाहिलं होतं की."

गेल्या वर्षी मला डावलून दुसऱ्याला वरची जागा दिली गेली. मला लागलं. दोन रात्री झोप नव्हती. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की आता मला काही बोचतच नाही. पण तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. आपण योहानाचा चौथा अध्याय काढला होता. विहिरीवर पाणी भरायला आलेली ती शोमरोनी बाई येशूशी बोलल्यावर घागर तिथेच टाकून गावात पळते, तिथपर्यंत आलो होतो, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी रिकामी झालेली नाही. जागा गेली होती. ज्यावर मी उभी होते ते गेलं नव्हतं. पूर्वी दोन्ही एकच होते.

आता पाकिटावर मी कारण लिहीत नाही. काम मन लावून करते, आधीपेक्षा बरंच, कारण त्याच्याकडून मला आता माझी किंमत ठरवून घ्यायची नाही. सकाळी वडिलांसारखी पाच मिनिटं गुडघ्यावर बसते. बऱ्याचदा काही मागतच नाही.

हे सगळं तुम्ही मला दिलंत असं म्हटलं तर तुम्ही रागवाल, देणारा तो आहे म्हणाल. मान्य. पण बस बदलून तुम्ही आला होतात, मावशी. भाकरी तुम्ही थापली होती. म्हणून हे आभार तुमचे.

तुमचा चष्मा दुरुस्त होऊन आलाय, गुरुवारी घेऊन येते. आणि तुम्ही दिलेल्या बियांचा वेल बाल्कनीच्या गजांवर चांगला चढलाय. संध्याकाळी पांढरी फुलंही येतात, पण बोटाएवढा दुधी धरतो आणि पिवळा पडून गळतो. काय करायचं ते आल्यावर सांगा.

तुमची,
सात हजारांच्या भोपळ्याची