वजनकाट्याशेजारी टेपही हवी

मा. संपादक,
स. न.

सोसायट्या, मंडळे, कचेऱ्या अशा ठिकठिकाणी आरोग्य शिबिरे भरतात. वजन, उंची, रक्तदाब, साखर सगळे पाहिले जाते. कंबर मात्र क्वचितच मोजली जाते. ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22, एकदम नॉर्मल’ असे सांगून पोट सुटलेल्या माणसाला निर्धास्त घरी धाडले जाते. हे बदलायला हवे.

चरबी हा नुसता साठा नाही, ती ग्रंथीसारखी संप्रेरकेही स्रवते. त्यांपैकी लेप्टिन 1994 मध्ये सापडले, ॲडिपोनेक्टिन त्याच्या पुढच्या वर्षी. ॲडिपोनेक्टिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावते. त्याने वाहिनीचा स्नायू सैल पडतो, वाट रुंदावते आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. हे संप्रेरक चरबीतच बनते, तरी चरबी वाढली की ते घटते. पोटातल्या चरबीपेशी फुगल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, भोवती दाह माजवणाऱ्या पेशी गोळा होतात आणि त्यांच्या टीएनएफ-अल्फा या स्रावामुळे ॲडिपोनेक्टिनची निर्मिती दबते. त्याच सुमारास पीएआय-1 हे प्रथिन वाढते, म्हणजे रक्ताची गुठळी सहज विरघळत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीतले रक्त थेट यकृतात जाते, म्हणून तिथला दाह यकृतालाही भोवतो.

लेप्टिनची तऱ्हा वेगळी. त्याचे काम मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवण्याचे. लठ्ठपणात ते भरपूर असते, पण भूक त्याला दाद देत नाही. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या चेता मात्र त्याचे ऐकत राहतात आणि रक्तदाब चढतो. जन्मापासून लेप्टिन न बनणारी माणसे अतिशय लठ्ठ असूनही त्यांचा रक्तदाब सहसा चढलेला आढळत नाही, यावरून लेप्टिनचा हात लक्षात येतो.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक अवघड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. बीएमआय दोघांचा 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काटा हा फरक दाखवत नाही. टेपही चरबीची टक्केवारी सांगत नाही, पण पोटात ती साठते आहे का, याचा चांगला अंदाज देते.

टेप कुठे लावायची यातच बहुतेक चुका होतात. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड दोन्ही बोटांनी चाचपावीत, त्यांच्या बरोबर मध्ये खूण करावी आणि तिथून टेप फिरवावी. पँटच्या पट्ट्याचे माप घेऊ नये. सुटलेल्या पोटाखाली बांधलेला पट्टा कित्येक सेंटिमीटर कमी दाखवतो. साडीच्या निऱ्यांवरून घेतलेले मापही फसवे. टेप पाठीमागे खाली घसरलेली नाही ना, ते बाजूने पाहावे. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचावा, पोट आत ओढू देऊ नये. भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची पातळी. तेवढे लक्षात राहत नसेल, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.

लेप्टिन किंवा ॲडिपोनेक्टिनच्या रक्तचाचणीवर मात्र पैसे घालवू नयेत. त्या आकड्याने उपचार बदलत नाहीत, शिवाय हृदय निकामी होत आलेल्या रुग्णांत ॲडिपोनेक्टिन उलट वाढलेले आढळते. घाम काढणाऱ्या पट्ट्यांनी पाणी जाते, चरबी नाही. आणि चरबी शोषून काढणे हा हृदयाचा उपाय नव्हे. अमेरिकेत 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची कित्येक किलो चरबी अशी काढली गेली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा-बारा आठवड्यांनंतरही रक्तदाब, ॲडिपोनेक्टिन, इन्सुलिनचा परिणाम यांत सुधारणा दिसली नाही. आतड्यांभोवतीची चरबी जागच्या जागी होती, उरलेल्या चरबीपेशीही तितक्याच फुगलेल्या होत्या.

चरबीपेशी आक्रसतात त्या कमी खाण्याने आणि चालण्याने. आठवड्याला किमान 150 मिनिटे झपझप चालावे. काटा हलला नाही तरी पोटातली चरबी उतरू शकते, त्यामुळे महिन्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी काट्याऐवजी टेपेकडे पाहावे. वजन घटलेच, तर किलोमागे वरचा रक्तदाब साधारण एक अंकाने उतरतो.

शिबिर भरवणाऱ्यांना विनंती, की फॉर्मवर ‘कंबर’ हा रकाना वाढवावा, स्त्रियांचे माप घ्यायला आडोसा आणि महिला स्वयंसेवक ठेवावी. आकडा मर्यादेपलीकडे गेला, तर बीएमआय कितीही असो, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) तपासायला सांगावे आणि तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा टेप लावावी.

— एक वैद्यकीय शिक्षक, पुणे