सुन्या, मी मार्फाला जाऊन आलो

प्रिय सुन्या,

गणपतीपासून माझं पत्र नाही म्हणून धुसफुसत असशील. धुसफूस खुशाल. माझी तब्येत बरी, साखर ताब्यात. पण शनिवारी मी मार्फाला, म्हणजे टेक्सासमधल्या एका छोट्या गावाला, जाऊन आलो. तू कलाग्राम काढायला निघालायस, मग हे तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

कंपनीने बड्या गिऱ्हाइकांसाठी खासगी विमान ठरवलं होतं. सकाळी डॅलसहून निघायचं, रात्री परत. जेजेवाला म्हणून मलाही घेतलं.

सुन्या, ती खोकी! तोफखान्याच्या दोन जुन्या शेड आणि त्यांत डोनाल्ड जड या अमेरिकन शिल्पकाराची ॲल्युमिनियमची 100 खोकी. बाहेरून सगळी एकाच मापाची, आतून एकही दुसऱ्यासारखं नाही. गॅरेजची दारं काढून त्याने भिंतभर काचा बसवल्या. ऊन सरकलं तसं माझ्यासमोरच्या खोक्याची एक बाजू दिसेनाशीच झाली, तिथे नुसतं बाहेरचं पिवळं गवत. युद्धकैद्यांसाठी भिंतीवर रंगवलेल्या जर्मन सूचनासुद्धा त्याने तशाच ठेवल्यात. हॉस्टेलवर तू भांडायचास ना, की मूर्ती जिथली तिथेच शोभते, म्युझियम म्हणजे कोंडवाडा? जड तुझ्याच पार्टीचा निघाला. माझा चहा ढोसून भांडायचास, तो हिशेब अजून बाकी आहे.

तिथून आम्हाला विसाव्या मिनिटाला बाहेर काढलं. कलाकृती म्हणून 2005 साली उभारलेल्या प्राडाच्या त्या नकली दुकानासमोर मात्र फोटोंसाठी हवा तेवढा वेळ. त्याचं दारसुद्धा उघडत नाही! मेक्सिकन मुलांना 1965 पर्यंत वेगळं बसवायचे ती ब्लॅकवेल शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ती कार्यक्रमातच नव्हती.

दुपारी मांडवाखाली पंगत, शेफ बाहेरून आणलेला. वाढणाऱ्या बाई अल्पाइनहून गाडी चालवत येतात, चाळीसेक किलोमीटर. म्हणाल्या, मार्फात भाडं परवडत नाही. गाव दोन हजारांच्या आतलं! ज्या मातीच्या घरांना कुत्रं विचारत नव्हतं, ती 2017 पासून करासाठी वेगळ्या गटात धरतात. राहत्या माणसांचे कर वाढले. तेव्हापासून मला तुझं कलाग्राम दिसतंय.

कलाग्रामाला माझा विरोध नाही. पडायला आलेल्या इमारती जडने उभ्या केल्या, हे डोळ्यांनी बघितलं. 1986 साली संस्थाही सुरू केली, म्हणून 1994 साली तो गेल्यावरही खोकी जागची हलली नाहीत. गावातल्या माणसांसाठी असा बंदोबस्त कोणी केला नव्हता. तुझे पार्टनर आमराईत बंगल्यांचे प्लॉट पाडणार म्हणतोस. पडवीत राहणाऱ्या काकूंचं काय? चितारआळीतल्या पोरांना कामाला कायमची जागा, की उद्घाटनाला गंजिफा मांडून बसायचं? वाटेवरचा हक्क कोणाचा? हे कागदावर आहे का? तोंडी असेल तर, सुन्या, ते नाही असंच समज.

सही करू नकोस. कराराची प्रत आणि सातबारा व्हॉट्सॲपवर टाक. बापूची मुलगी जमिनीचीच प्रकरणं बघते, तिच्याशी बोललोय. रागावलास तरी चालेल, आधी कागद पाठव.

आईंचा गुडघा कसा आहे? चिनूची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या